गवताचा कावळा

आमचे हे फौजदार होते. गुन्ह्याचा माग काढण्यात त्यांचं नाव होतं. कल्याणपासून कर्जतपर्यंत कुठं काही भानगड झाली की वरचे साहेब आधी यांनाच धाडायचे. घरात मात्र स्वतःच्या कपाळावर चढवलेला चष्मा यांना मीच शोधून द्यायचे. "गावभरचे चोर धरता," मी म्हणायचे, "तुमचा चष्मा कुणी पळवला तेवढं सांगा बघू." ते हसायचे. पण कामात हा माणूस कधी चुकत नाही, असं सगळे म्हणत, आणि त्या वर्षापर्यंत मीही म्हणत होते.

तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो, काडेपेटीच्या कारखान्याच्या अलीकडे. घर भाड्याचं, मागं छोटं परसू आणि परसाला दगडांचा कमरेएवढा गडगा. माझं माहेर बदलापूरचं. थोरला भाऊ, आमचा दादा, त्याच कारखान्यात कारकून होता. दुपारच्या सुट्टीत सायकल हाणत तो रोज माझ्याकडे जेवायला यायचा. आई लवकर गेली, त्यामुळे मला दादानंच वाढवलं. माझ्या वेण्यासुद्धा तोच घालायचा, मेल्या नेहमी वाकड्या. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तोच रडला. हे आणि तो एका वयाचे, आधीपासूनचे दोस्त. अरे-तुरेत बोलायचे आणि पत्ते खेळताना एकमेकांना लबाड म्हणायचे.

आम्ही तिथं बिऱ्हाड केलं त्याच सुमाराला एक भाजीवाली मावशी माझ्याकडे यायला लागली. वांगणीकडची कुणब्याची बाई. वय झालेलं, डोळ्यांना कमी दिसायचं, पण पाटी डोक्यावर घेऊन ताठ चालायची. एक दिवसाआड यायची. भाजी देऊन झाली की मागच्या दारात बसून माझे मोड आलेले वाल सोलून द्यायची. मी तिला चहा द्यायचे आणि आम्ही गप्पा मारायचो. नवरा केव्हाच गेलेला. एकुलता एक मुलगा होता, तोही गेला म्हणाली.

"कशानं गं?" मी विचारलं.

"तापानी," ती म्हणाली. मग म्हणाली, "दहाव्याला कावळा शिवला नाय, बाय. समद्यांनी हात जोडलं, तुज्या आयला संबालतो बोलले, तरी नाय. भटजी घाईत. त्यानी गवताचा कावळा केला आन लावला पिंडाला. गवताच्या कावल्याला काय कळतंय?"

कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून विधी उरकतात, हे आपल्याकडे चालत आलेलंच आहे. पण तिचं मन काही ते मानायला तयार नव्हतं.

एकदा हे बदलापूरला गेले होते, कुणी एक माणूस अचानक मेला होता त्याचा पंचनामा करायला. त्या दिवशी मावशीनं माझ्याकडे पत्रावळीचं एक पान आणि मूठभर दहीभात मागितला. मुलाची तिथी आहे म्हणाली. मी दिला. तिनं तो गडग्यावर ठेवला आणि एक हात दगडावर टेकून तिथंच उभी राहिली. अंबरनाथचे कावळे म्हणजे महाबिलंदर, हातातली पोळी पळवतील. पण त्या घासाकडे एकही येईना.

"अगं, लांब सरक, मग येईल," मी म्हटलं.

"लांब झाले तर मना दिसंल कसं?"

बरीच उभी राहिली बिचारी. शेवटी घास ओढ्यात सोडून गेली. मला फार वाईट वाटलं होतं.

आता त्या पंचनाम्याचं सांगते. मेला तो दणकट गडी होता. जेवला, बरळायला लागला आणि दिवस मावळायच्या आत गेला. लोक म्हणाले, बाहेरची बाधा. दीड-दोन महिन्यांनी त्याच गावचा दुसरा एक जण अगदी तसाच गेला. या खेपेला डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की अन्नातून विष गेलंय. मग काय, हे जे घरातून बाहेर पडले ते दोन दिवस आलेच नाहीत. त्यातच मावशी आली, पुन्हा पान आणि दहीभात मागितला, पुन्हा गडग्याशी उभी राहिली. माझं लक्ष कुठं होतं तिच्याकडे! माझा सगळा जीव यांच्या वाटेकडे लागलेला.

हे आले ते काळवंडलेल्या चेहऱ्यानं. पाण्याचा तांब्या रिकामा करून म्हणाले, "दोघंही एकाच गस्तीतले होते."

गस्त म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, आमच्या माहेरची सगळी कर्ती माणसं त्यात होती. फाळणीनंतर उल्हासनगरला लष्कराच्या रिकाम्या कॅम्पात, बराकींत सिंधमधली माणसं येऊन राहिली. ती बिचारी स्वतःच सगळं गमावून आलेली. पण आमच्या गावांत हूल उठली की चोर आले, आता दरोडे पडणार. कुणाचं घमेलं हरवलं तरी आळ कॅम्पवाल्यांवर. मग गावोगाव काठ्या घेऊन पाळीपाळीनं गस्ती सुरू झाल्या. अशा एका गस्तीनं कात्रपच्या माळावर तिन्हीसांजेला एका वाटसरूला धरलं. त्याच्या अंगात सिंधी लोक घालतात तसला घोळदार पायजमा होता आणि पाठीवर गाठोडं. आमच्याकडे तेव्हा झाडून सगळे धोतरवाले. पायजमा दिसला म्हणजे तो परका, आणि परका म्हणजे चोर, एवढीच त्यांची अक्कल. त्याला मरेस्तोवर मारलं. नंतर कळलं की तो आपल्याच बाजूचा, कॅम्प एकमध्ये कापडाच्या दुकानात हमाली करणारा. पायजमा शेठनं जुना म्हणून दिलेला. गाठोड्यात लुगडं होतं. गावानं एकमुखानं सांगितलं की हा आम्हाला असाच पडलेला सापडला, आणि ते प्रकरण तिथंच मिटलं. हे तेव्हा दुसरीकडे नेमणुकीला होते.

"त्याच्यासाठी कुणीतरी सूड घेतंय," हे म्हणाले. "गस्तीत तिघं होते. दोघं संपले. तिसरा कोण ते गाव बोलत नाही. आता मारणाऱ्याच्या आधी मला तिसरा सापडायला हवा."

"मारणारा कोण, काही अंदाज?"

"त्या वाटसरूचा चुलतभाऊ असणार. जवान आहे, तापट आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून गावात नाही. घरात दुसरं कोण आहे? एक म्हातारी आई. तीही म्हणे माहेरी गेलीय. आंधळीच आहे जवळजवळ, तिला काय विचारायचं?"

झालं. नाव असलेल्या फौजदारानं म्हातारी म्हणून एक माणूस बाजूला ठेवलं आणि मीही मान हलवली.

त्यानंतर एका दुपारी दादा जेवत असताना हे अचानक घरी आले. टोपी काढली नाही, बसलेही नाहीत. हे म्हणाले, "तुम्ही त्या गस्तीत होता का?"

तुम्ही! रोज ज्याच्या पाठीत थाप मारून "काय रे लबाडा" म्हणायचे, त्याला तुम्ही. दादाचा घास हातातच राहिला.

"मी? नाही. मला तेव्हा ताप होता."

"नीट आठवा. खरं सांगितलंत तर जीव वाचेल तुमचा. मला तुम्हाला बेड्या घालायची हौस नाही, पण तो माणूस तुमच्यापर्यंत पोचला तर हिला तोंड कसं दाखवू मी?"

दादानं डाव्या हातानं मला जवळ ओढलं. तो हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "हिच्या शपथेवर सांगतो. मी नव्हतो."

तो हात थरथरत होता. माझ्या केसांना कळत होतं ते. ज्या हातानं माझ्या वेण्या घातल्या तोच हात खोटं बोलत होता आणि मी दगडासारखी उभी होते. मला एवढा राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "बरं," म्हणाले. "आजपासून बाहेरचं काही खायचं नाही. पाणीसुद्धा घरचं न्यायचं. जेवण फक्त हिच्या हातचं."

मागच्या दारात मावशी वाल सोलत बसली होती. तिला कुणी मोजलंच नव्हतं. खाली मान घालून ती सोलत राहिली. जाताना म्हणाली, "येते, बाय," आणि अर्धे वाल तसेच टाकून गेली. ते मला नंतर आठवलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दादाचं ताट मी स्वतः घासायचे, पुन्हा विसळायचे. दूध यायचं ते आधी मी पिऊन बघायचे. तो घरून फिरकीचा तांब्या भरून न्यायला लागला, त्याचा जुनाच, ज्याचं फिरवायचं झाकण घट्ट बसायचं. कारखान्याचा भोंगा झाला की मी दारात. सायकल वळणावर दिसली की जीवात जीव यायचा. तो आला की त्याच्यावर ओरडायचे, "खोटारड्या, जेव आता," आणि वाढायचे. तो जेवायचा. आम्ही दोघंही त्या शपथेबद्दल बोलत नव्हतो. हे तिकडे त्या चुलतभावाच्या मागावर नेरळ, कर्जत, कुठं कुठं फिरत होते.

असंच एका दुपारी, हे वांगणीला गेलेले. दादाच्या यायची वेळ झाली होती. मावशी मागच्या दारात होती. म्हणाली, "बाय, एक पान आन दहीभात देशील? पोऱ्याची तिथी हाय." मी हातातलं काम न सोडता दिला. मला दादाचं पान वाढायचं होतं, आमटी उकळत होती. घरातलं पाणी संपलेलं. आळीच्या टोकाला नळ होता, त्याचं पाणी त्याच वेळी जायचं. मी दादाचं ताट वाढलं, ताकाची वाटी भरली, वर झाकण ठेवलं. "मावशी, जरा लक्ष ठेव गं, मांजर येतं," म्हणाले आणि बादली घेऊन धावले.

नळाखाली बादली भरत होती. बारीक धार. मी तिच्याकडे बघत उभी होते आणि मनात सहज आलं, या बाईच्या मागं मुलं तरी किती गेली असतील, सारखी तिथी असते हिची. मग आठवलं, एकुलता एक म्हणाली होती. अहो, एका माणसाची तिथी वर्षातून एकदा येते. हिची वर्षात तिसऱ्यांदा आली होती. पहिली आली तेव्हा हे पंचनाम्याला गेलेले. दुसरी आली तेव्हा हे घराबाहेर. दोन्ही वेळा आदल्या दिवशी एकेक माणूस मेला होता.

आज कुणी मेलं नव्हतं. अजून मेलं नव्हतं!

बादली तिथंच टाकली. पायातली वहाण तुटली ती तिथंच. पदर खांद्यावरून खाली, रस्त्यातली माणसं बघताहेत, कशाचं भान नाही. दारात सायकल टेकवलेली होती. आत गेले तर दादा पाटावर बसलेला, भात अर्धा संपलेला, आणि ताकाची वाटी ओठांपाशी. मी सरळ त्याच्या हातावर हात मारला. वाटी भिंतीवर जाऊन आपटली.

"वेड लागलं का तुला!"

"प्यायलास का? सांग, प्यायलास का?"

"नाही गं. आत्ता तर उचलली."

मागच्या उघड्या दारातून परसू दिसत होतं. गडग्यावर पान ठेवलेलं, पानावर दहीभात, आणि दगडावर हात टेकून मावशी उभी. ती पळाली नाही. वाटीचा आवाज ऐकून वळली आणि हळूहळू आत आली.

"सांडलंस व्हय, बाय," ती म्हणाली. एवढंच.

"मावशी, माझा भाऊ आहे गं हा! मला आईबाप झालेला भाऊ आहे!"

"माजा बी पोऱ्याच व्हता." तिनं दादाकडे तोंड केलं. "कात्रपच्या माळावर मेला तो. लुगडं आणत व्हता मना. मी पोलिसांची वाट बघितली, बाय. तुज्या मालकांच्या दारात येऊन बसले, म्हटलं कदी तरी कोन बोलंल. कोन नाय बोललं. त्या दोगांची नावं मना गुत्त्यावरनं कळली. ते बढाया मारायचे. ह्याचं नाव तुज्याच घरात कळलं. ह्यानी शपथ घेतली ना, तवा. मना दिसत नाय, पन खोटं आईकायला येतंय."

दादा पांढराफटक पडला होता. तरी तो म्हणाला, "मी नव्हतो. ही म्हातारी काहीतरी..."

माझं डोकंच फिरलं. मी त्याचा हात धरला, खरकटा, आमटीनं भरलेला, आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "घे," म्हटलं. "परत घे शपथ. माझ्यावर हात ठेवून, तिच्यासमोर. घे ना! मी मेले तरी चालेल, पण घे."

तो हात तिथं राहीना. त्यानं काढून घेतला आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"मी होतो," तो म्हणाला. "मी मारलं नाही. मी धरलं होतं. ते दोघं मारत होते आणि मी मागून धरलं होतं. तो सांगत होता, मी चोर नाही, मी इथलाच. मग पाणी मागायला लागला. माझ्याकडे हा तांब्या होता, भरलेला. ते म्हणाले, चोराला कसलं पाणी. मी दिलं नाही. पाणी पाणी करत होता तो आणि मी दिलं नाही." मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. म्हातारी त्याच्यासमोर खाली बसली, अगदी जवळ, आणि तो काय बोलतोय ते कान देऊन ऐकत राहिली. पुन्हा विचारायची, आणखी काय बोलला तो, आयचं नाव काडलं का. तो सांगत होता.

मी मागच्या दाराकडे पाहिलं. गडग्यापाशी आता कुणीच नव्हतं. पानावर दोन कावळे बसले होते आणि सावकाश दहीभात खात होते.

मी पुढे कितीदा स्वतःला समजावलंय की त्यात काही नाही, ती बाजूला झाली म्हणून कावळे आले, मी तर आधीच सांगत होते तिला. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. "मावशी," मी म्हटलं, "कावळा शिवला गं."

तिला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. "खरं?" तिनं विचारलं. "गवताचा नव्हं?"

"खरा. दोन आहेत."

हे संध्याकाळी आले आणि आमच्या घरातून दोन माणसं घेऊन गेले. दादानं कुणी न विचारता सगळा जबाब दिला. वाटीत विष होतं ते सरकारी तपासणीत निघालं. दादाला शिक्षा झाली, ती भोगून तो परत आला आणि आमच्याकडेच राहिला. मावशी तुरुंगातच वारली. यांनी पुन्हा कधी कुठल्या म्हातारीला बाजूला ठेवलं नाही. पण मला कोर्ट आठवत नाही, मला आठवते ती दुपार, आम्ही तिघं यांची वाट बघत बसलो होतो ती. कुणीच उठून गेलं नाही. मी ताक पुसलं, वाटीला हात न लावता.

एकदम म्हातारी म्हणाली, "पानी दे रं."

मी उठत होते, पण तिनं मला विचारलं नव्हतं. दादा उठला. घरात पाण्याचा थेंब नव्हता, माझी बादली नळावरच होती. त्यानं आपल्या पिशवीतून तो फिरकीचा तांब्या काढला. झाकण घट्ट बसलेलं, ते उघडेना. शेवटी उघडलं. तिनं ओंजळ पुढे केली, त्यानं ओतलं.

ती प्यायली नाही. ओंजळ सांभाळत, पायानं चाचपडत मागच्या दाराशी गेली, तिथंच बाहेर मातीत उकिडवी बसली, उजवा हात कलता केला आणि अंगठ्याच्या बाजूनं ते पाणी खाली सोडलं, आपण गेलेल्या माणसाला पाणी देतो तसं. बायका हे करत नाहीत. तिनं केलं. पाणी पडलं तिथली माती तिनं हातानं चाचपून बघितली, ओली झाली का.

मग मागं वळून दादाला म्हणाली, "आजून हाय का त्यात? आता मना दे."